भालेराव मॅडमचं मैदान

भालेराव मॅडम आमच्या कॉलेजच्या शारीरिक शिक्षण संचालक होत्या, पण त्यांच्याकडे पाहून हे कुणाला खरं वाटायचं नाही. बुटका, भरलेला बांधा, कॉटनची साडी, तिच्याखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. गळ्यात मंगळसूत्र आणि शिट्टी, दोन्ही एकमेकांत गुंतलेली. चालायच्या मात्र अशा, की बरोबरच्या माणसाला अधूनमधून पळावं लागे. मी बऱ्याचदा पळालोय.

मी ग्रंथपाल. खेळ म्हटला की माझा संबंध वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानाशी, आणि तोही उरलाच वेळ तर. अशा माणसाला त्यांनी फुटबॉल संघाचा मॅनेजर केलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, "थोरात सर, तुमाला ह्यातलं कायबी कळत नाय. म्हंजी तुमी मधी मधी बोलणार नाय." विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे संघासोबत दोन शिक्षक लागतात, त्यातला दुसरा मी. आमची नेमणूक इतक्या सन्मानानं झाली.

खरं सांगायचं तर त्यांनाही आधी फुटबॉल येत नव्हता. त्या कबड्डीच्या. एके दिवशी ग्रंथालयात येऊन त्यांनी फुटबॉलवरचं पुस्तक मागितलं. आमच्याकडे एकच होतं, इंग्रजी, कुणीतरी देणगी दिलेलं आणि त्यानंतर कुणीच न उघडलेलं. ते त्यांनी दोन महिने ठेवून घेतलं. परत आलं तेव्हा पानापानाच्या कडेला पेन्सिलीनं शेरे होते. 'इतकी पोरं आणायची कुठून?' 'हे ऊस नसलेल्या गावात चालेल.' एका ठिकाणी खेळाडूच्या आहाराचं कोष्टक होतं, त्याच्यापुढं फक्त 'भाकरी' असं लिहिलेलं. नियमानं मी दंड करायला हवा होता. मी शेरे वाचत बसलो.

आमचं कॉलेज नारायणगावापासून जीपनं पंधरा-वीस मिनिटांवर, रस्त्याला लागून. मैदान कॉलेजच्या पुढ्यातच. आणि हल्ली रस्त्याला लागून असलेल्या कुठल्याही सपाट जागेकडं पाहून माणसांना एकच सुचतं: लॉन्स. लग्नाच्या मोसमात मंडप, दिवे, घोड्यावरचा नवरदेव आणि गाड्यांच्या रांगा. आमच्या संस्थेचे सचिव आबा यांनाही तेच सुचलं. त्या वर्षी संस्थेचे संचालक आणि आम्ही शिक्षक यांच्या बैठकीत त्यांनी हसत हसत विषय काढला.

"म्याडम, पोरं नुसती मातीत लोळत्यात. सहा कॉलेजांची ती तुमची खालच्या गटाची लीग, त्यातबी आपण हारतोय. औंदा तळाला गेलात, तर पुढच्या मोसमाला तिथं मंडप पडंल. कबूल?"

"आन् नाय गेलो तळाला, तर?"

"तर मैदान तुमचं. वर गोलाच्या जाळ्या मी आणून देतो."

"जाळ्या नकोत, आबा. लेखी द्या."

आबा मोठ्यानं हसले, बाकीचेही हसले, आणि लेखी काही मिळालं नाही. मॅडमनी पर्समधून डायरी काढली, आबांचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं, खाली वेळ टाकली आणि साक्षीदार म्हणून माझी सही मागितली. सगळ्यांदेखत. मी सही केली, पण इतकी बारीक की मलाच नंतर वाचता आली नाही.

त्या मोसमात पाच सामने होते. पहिल्यातच आम्ही सात गोलांनी हरलो. परतीच्या जीपमध्ये पोरं अशी बसली होती, की मयतीहून येतोय असं वाटावं. मंचर मागं पडलं तेव्हा कुठं मॅडम बोलल्या.

"सहा गोल त्यांनी कमावले. सातवा आपण फुकट दिला. फकस्त सातव्याचं बोलू."

आणि नारायणगाव येईपर्यंत खरोखरच सातव्या गोलाबद्दल बोलत राहिल्या. कोण कुठं उभा होता, कोण चेंडू सोडून पंचाकडं बघत होता. बाकीच्या सहांचं नावसुद्धा काढलं नाही. उतरताना पोरं आपसात भांडत होती. म्हणजे जिवंत झाली होती.

दुसरा सामना तीन गोलांनी गेला. तिसऱ्याच्या आधी सरावाला एक प्रकार घडला, तो मी विसरणार नाही. संघात ओंकार नावाचा उंच, देखणा पोरगा होता, बागायतदाराचा. तो आणि त्याचे दोन मित्र चेंडू आपसातच फिरवत. सोन्या आमचा सगळ्यात चपळ खेळाडू, पण चेंडू त्याच्या पायाशी येईपर्यंत सामना संपे. सोन्या मॅडमच्याच भावकीतला. मॅडमचं घर महाळुंगे पडवळचं, आजोबांपासून बौद्ध. ओंकार आणि त्याचे मित्र पाण्याच्या बाटल्याही वेगळ्या आणत. कुणी कुणाला काही बोलत नसे. आमच्याकडं हे बोलायचं नसतंच, नुसतं पाळायचं असतं.

मॅडमनी कॅन्टीनमधलं मोठं स्टीलचं पिंप मैदानावर आणवलं.

"सगळ्या बाटल्या ह्याच्यात वता."

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. ओंकार म्हणाला, "म्याडम, माझं पाणी फिल्टरचं हाये."

"मंग सगळ्यांचंच फिल्टरचं व्हईल. वत."

त्यानं ओतलं. सगळ्यांनी ओतलं. मॅडमनी पहिला पेला सोन्याला दिला, दुसरा ओंकारला. तोच पेला, न विसळता. ओंकारचा हात पेल्यापाशी थांबला. मॅडम त्याच्याकडं बघतही नव्हत्या, बुटाची नाडी बांधत होत्या. ओंकार प्यायला. मग म्हणाल्या, "चेंडू कुणाच्या बापाचा नाय. चला, सुरू करा."

तिसऱ्या सामन्यात ओंकारनं सोन्याला पास दिला आणि आमचा मोसमातला पहिला गोल झाला. बरोबरी. मला त्या दिवशी मॅडमचा अभिमान वाटला, आणि इतकी वर्षं त्याच स्टाफरूममध्ये बसून चहाचे कप कुणाचे कुठं ठेवलेले असतात याकडं मी लक्ष दिलं नाही, याची लाजही वाटली.

त्यांच्या कामाची पद्धत पुस्तकात बसणारी नव्हती. टोमॅटोच्या मोसमात आमचे चार खेळाडू नारायणगावच्या बाजारात क्रेट भरायला जात. सरावाला यायचे ते अर्धमेले होऊन, तेही उशिरा. दुसऱ्या कुणी त्यांना काढून टाकलं असतं. मॅडम बाजारातच गेल्या. टेम्पोंच्या गर्दीत उभ्या राहून एका व्यापाऱ्याला म्हणाल्या, "भाऊ, ही चार पोरं साडेचारला सोडायची. आन् ते फुटके क्रेट टाकू नका, मला पायजेत." त्यानं सोडली, का ते त्यालाच ठाऊक. फुटक्या क्रेटांची मैदानावर भिंत उभी राहिली, आणि पोरं त्या भिंतीवरून चेंडू मारायला शिकली. सगळ्या मैदानाला पिकल्या टोमॅटोचा वास यायचा.

मैदानाच्या एका बाजूला ऊस होता. आणि ऊस म्हटला की आमच्या भागात दुसरी गोष्ट सांगावी लागत नाही. बिबट्या त्या आठवड्यात दोनदा दिसला होता, एक वासरू गेलं होतं. मॅडमचा नियम होता, साडेपाचनंतर चेंडू उसात गेला तर गेला, कुणी जायचं नाही. आमच्याकडं धड चेंडू दोनच होते. एका संध्याकाळी पहिला फुटला आणि दुसरा विकासनं लाथाडला तो थेट उसात. विकास आमचा गोलकीपर, मनानं साधा, पायात बैलाचं बळ. चौथा सामना दोन दिवसांवर होता. विकास निघाला तसा मॅडमनी त्याचा दंड धरला.

"नियम नियम हाये."

"मंग सराव कशानं करायचा?"

मॅडमनी पदर खोचला, शिट्टी तोंडात धरली आणि स्वतः उसात शिरल्या. शिट्टी सारखी वाजत होती. आम्ही बांधावर उभे. शिट्टी आत आत जात होती, पाचटाचा आवाज येत होता, आणि मग शिट्टी थांबली. कुणी हाललं नाही. मी मॅनेजर, चाळिशी ओलांडलेला माणूस, मी पण हाललो नाही. विकासनं हाका मारल्या. उत्तर नाही. सोन्यानं दगड उचलला. एवढ्यात दुसऱ्याच सरीतून मॅडम बाहेर आल्या, गालावर उसाच्या पात्यानं कापलेलं, दोन्ही हातांत चेंडू.

"शिट्टी का थांबवली?" मी जवळजवळ ओरडलोच.

"चेंडू धरायला वाकले, दोरी तुटून पडली. हुडकीत बसू का तिथं?"

मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "थोरात सर, पाय बघा." पाय थरथरत होते. "पोरांना सांगू नका."

चौथा सामना एका गोलानं गेला. आता शेवटचा. आम्ही तळाला होतो आणि हिशेब सरळ होता: जिंकलो तर पाचवे, बरोबरी झाली तरी तळाला. सामना आमच्याच मैदानावर होता. आबा स्वतः बघायला येणार होते, आणि त्यांच्याबरोबर मंडपवालाही येणार असल्याची कुणकुण होती.

मॅडमच्या डोक्यात मात्र काही वेगळंच चाललं होतं. "ज्या मैदानाला माणसं बघायला येत्यात, ते मैदान आबा विकणार नाय," त्या म्हणाल्या. "त्यांना मतं मोजायची सवय हाये." सोमवारी त्या मला घेऊन बेल्ह्याच्या बैलबाजारात गेल्या. तिथं विकासचा चुलता गेनूभाऊ भेटला. बैलगाड्याच्या शर्यतीतलं मोठं नाव. मॅडमनी त्याला आणि भोवतालच्या गाडामालकांना आमंत्रण दिलं.

"गेनूभाऊ, बुधवारी पोरांचा फुटबॉल हाये. समदी या."

"त्ये काय असतंय म्याडम? आमाला न्हाई कळत."

"शर्यतच समजा."

हे त्यांनी बोलायला नको होतं. पण त्या वेळी ना त्यांच्या लक्षात आलं, ना माझ्या.

बुधवारी माणूस लोटलं. पिकअप, मोटारसायकली, एका टेम्पोत तर घाटावरचा निवेदक स्पीकर आणि माइकसकट आला. आमच्याकडं बैलगाडे जिथं पळतात त्या धावपट्टीला घाट म्हणतात आणि एका गाड्याच्या धावेला बारी. घाटावर जायचं म्हणजे खिशात भंडाऱ्याची पुडी हवीच. ती सगळ्यांच्या खिशात होती. आबा खुर्चीवर बसले होते. एवढी गर्दी बघून त्यांनी मंडपवाल्याला जरा लांब बसवलं, हे मी पाहिलं.

सामना सुरू झाला. पाहुण्यांचा संघ आमच्यापेक्षा सरस होता, हे मलाही कळत होतं. विकासनं दोन चेंडू असे अडवले की गेनूभाऊ बाजूच्या माणसाच्या पाठीत गुद्दे घालत सुटला. मध्यंतर झालं, शून्य-शून्य. दुसरा अर्धा सरत आला, तरी शून्य-शून्यच. मॅडम रेषेला धरून चालत होत्या, मी मागं. त्या एकदाही ओरडल्या नाहीत. फक्त मधेच माझ्या हातातलं घड्याळ वळवून बघायच्या.

शेवटची सात मिनिटं उरली होती तेव्हा ओंकारनं चेंडू उंच टाकला, सोन्या दोघांच्या मधून निसटला आणि गोल.

आणि शर्यत संपली! निदान आमच्या माणसांना तसंच वाटलं. घाटावर गाडा निशाणापार गेला की काय करतात, तेच त्यांनी केलं. दोन-तीनशे माणसं मैदानात घुसली, फेटे उडाले, भंडाऱ्याचे लोट उठले. सोन्या खांद्यावर, विकास खांद्यावर, सगळं मैदान पिवळं. निवेदक माइकवरून ओरडत होता, "एक नंबरात बारी झाली, राव, एक नंबरात!"

पंच शिट्टी वाजवून दमले. मग ते घड्याळ दाखवत मॅडमकडं आले. "पाच मिनिटांत मैदान रिकामं करा, नाहीतर सामना पाहुण्यांना."

मॅडम गर्दीत घुसल्या. ओरडल्या, हात धरून ओढलं, कुणाच्या कानात काही शिरेना. एकानं तर त्यांच्याच कपाळाला भंडारा लावला. मी पण दोघांना ढकललं, त्यांनी मला मिठी मारली. तीन मिनिटं गेली. आबा खुर्चीतून उठले होते. मला एकच दिसत होतं: याच माणसांना आम्हीच बोलावलं होतं.

मॅडम टेम्पोवर चढल्या, निवेदकाच्या हातातला माइक हिसकावला आणि जिवाच्या आकांतानं ओरडल्या, "गाडा सुटला! ए बाजूला व्हा, गाडा सुटलाऽ!"

काय सांगू! ही हाक ऐकल्यावर आमच्याकडचा माणूस विचार करत नाही, उडी मारतो. बैलांच्या पायाखाली यायचं नसेल तर मारावीच लागते. तीनशे माणसं दोन्ही बाजूंना अशी पांगली की मैदान क्षणात मोकळं. मधोमध फक्त पंच, चेंडू आणि तोंड वासून उभा असलेला पाहुण्यांचा संघ. मला हसू आलं, आणि लगेच विकास दिसला.

तो गोलात गुडघ्यावर बसून डोळे चोळत होता. दोन्ही डोळ्यांत भंडारा. मॅडमनी पाणी मारलं, पदरानं पुसलं. डोळे लालबुंद, पापण्या उघडेनात.

"दिसतंय म्याडम. खेळतो मी."

मॅडम आवाज न करता त्याच्या डाव्या बाजूला सरकल्या. विकास आधीच्याच जागेकडं तोंड करून म्हणत होता, "लख्ख दिसतंय म्याडम, आईशप्पत."

आमच्याकडं दुसरा गोलकीपर नव्हता. विकास नुसता गोलात उभा राहिला असता तरी समोरच्यांना धाक वाटला असता. पण समोरून बूट आले असते, चेंडू तोंडावर आला असता, आणि त्याला तो दिसला नसता. मॅडमनी एकदा आबांकडं पाहिलं, एकदा मैदानाकडं. मग स्वतःच्या हातानं विकासचे हातमोजे काढले आणि ओंकारला घातले.

"म्याडम, मैदान जाईल," विकास रडत म्हणाला.

"डोळं गेलं तर मैदान काय करायचंय मला?"

ओंकारनं जिवाचं रान केलं. दोन चेंडू अडवले. तिसरा अडवला नाही. शेवटच्या मिनिटाला एक-एक, आणि शिट्टी झाली.

आमच्या माणसांना बरोबरी वगैरे कळली नाही. गोल झाला होता, शिट्टी झाली होती, बास. ती परत घुसली, आणि आता त्यांनी मॅडमनाच उचललं. पोरं मात्र जागच्या जागी बसली होती. मॅडम वरून ओरडत होत्या, "खाली सोडा मला!" कुणी सोडेना, तेव्हा त्यांनी निवेदकाला हात केला. त्यानं माइक दिला, त्याला वाटलं आभार मानायचेत.

"पावणं, ऐका. आपण जिकलो नाय. बरोबरी झाली, आन् आपण तळाला गेलो. आता ह्ये मैदान जानार."

गलका हळूहळू खाली बसला. त्यांना खाली उतरवलं. गेनूभाऊनं कपाळावरचा घाम पुसला. "मैदान जानार? कुटं जानार?"

"आबांना इचारा," मॅडम म्हणाल्या. माइक निवेदकाच्या हातात ठेवला, विकासचा हात धरला आणि त्याला घेऊन नळाकडं निघाल्या. उत्तर ऐकायला थांबल्या नाहीत.

तीनशे पिवळी तोंडं आबांकडं वळली. आबांनी हात जोडले. "कुटं जातंय मैदान? कोन म्हनलं? म्याडम इनोद करत्यात." टाळ्या पडल्या. मंडपवाल्यानं आपली मोटारसायकल चालू केली.

मैदान राहिलं. लॉन्सचा विषय परत निघाला नाही.

जूनमध्ये मॅडमच्या बदलीचा कागद आला. संस्थेची डोंगराकडं एक शाखा आहे, पत्र्याच्या शेडमध्ये वर्ग भरतात, शेडपुढं उतार आणि उतारापुढं ओढा. तिथं अनुभवी माणसाची गरज आहे, असं कागदात होतं. स्टाफरूममध्ये कुणीच काही बोललं नाही. निरोपसमारंभाला आबा आले, शाल दिली, भाषण केलं. मॅडमनी शाल घडी करून पिशवीत ठेवली आणि पोरांना सरावाला जायला उशीर होतोय म्हणून आभाराचं भाषण टाळलं. बदलीचा कागद आला तेव्हा मीही गप्प बसलो, याची मला आजही लाज वाटते, आणि ती वाटत राहावी असंच मला वाटतं.

त्यानंतर एकदाच भेट झाली. दिवाळीच्या आसपास, नारायणगावला जाणारी जीप. पुढच्या सीटवर चौघं, त्यात त्या खिडकीपाशी, मांडीवर पिशवी. मी मागं कोंबलेला. मी हाक मारली, त्यांनी मान वळवून घरच्यांची चौकशी केली, बाकी काही नाही. कॉलेज जवळ आलं तशा त्या ड्रायव्हरला म्हणाल्या, "भाऊ, इथं जरा थांबव."

"उतरायचंय का म्याडम?"

"नाय. जरा थांबव."

जीप रस्त्याच्या कडेला थांबली. मैदानावर सराव चालू होता. नवे सर सावलीत मोबाईलवर बोलत होते, पोरं आपली आपणच खेळत होती. गोलात विकास होता. मी म्हणालो, "मॅडम, उतरा ना, पोरांना बरं वाटेल." त्या नुसत्याच नको म्हणाल्या आणि खिडकीतून मागं सरकल्या, पिशवी छातीशी उंच धरली, कुणाला तोंड दिसू नये म्हणून. त्यांना बघितलं असतं तर पोरं खेळ सोडून पळत आली असती.

पाच मिनिटं झाली असतील. मागच्या एका बाईनं कुरकुर केली, कुणीतरी बाजार उठेल म्हणालं. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवायला हात उचलला, तो मॅडमनी मधल्यांच्या पुढून हात लांबवून वरच्या वर धरला. तिकडं विकास मोठ्यानं नावं घेऊन पोरांना जागा दाखवत होता, आणि पोरं त्याचं ऐकत होती.

"चला," मॅडम म्हणाल्या. मला त्यांचं तोंड दिसत नव्हतं. पुढं नारायणगाव येईपर्यंत त्या ड्रायव्हरशी टोमॅटोच्या भावाबद्दल बोलत होत्या.